एक मिनिट, पंधरा दिवस

२००६ च्या डिसेंबरात मी बॉण्डवर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. साखर कारखान्यांचा पट्टा, गळीत हंगाम ऐन भरात, आणि केंद्रापासून हाकेच्या अंतरावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या. छाती तपासणं म्हणजे काय, हे मला येत होतं असं मी धरून चालले होते. एमबीबीएसच्या परीक्षेत क्रेपिटेशन्स, रॉन्काय, ब्रॉन्कियल ब्रीदिंग असे शब्द म्हणायचे आणि परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघायचं, हे मला चांगलं जमायचं. सात नंबरच्या बेडवरच्या बाईच्या डाव्या बाजूला पाणी झालंय हे सगळ्या बॅचला आदल्या दिवशीच कळलेलं असायचं. त्यामुळे ते ऐकूही यायचं.

पहिल्याच आठवड्यात बीडकडची एक बाई सात महिन्यांचं पोर घेऊन आली. दोन रोज दूध पीत नाही, म्हणाली. पोराला दोन स्वेटर, वर टोपडं, त्यावर शाल. मी स्वेटरच्या गळ्यातून स्टेथोस्कोप आत सरकवला, दोन ठिकाणी टेकवला. खास काही नाही. घशातली घरघर तेवढी खाली उतरून ऐकू येत होती. ताप किरकोळ. सर्दीचं औषध लिहायला घेतलं, तेवढ्यात मागून आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, कपडे काढू का जरा त्याचे?" बावीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरचा हा प्रश्न नसतो, एवढं मला कळलं.

कपडे निघाले आणि मला बघूनच लाज वाटली. पोट उडत होतं. श्वास आत घेताना पोट फुगत होतं आणि बरगड्यांखालची छाती उलट आत ओढली जात होती, आणि हे प्रत्येक श्वासाला. सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. "पूर्ण मिनिट मोजा." चौसष्ट भरले. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला पन्नास किंवा जास्त म्हणजे जलद श्वास, न्यूमोनियाची खूण; एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस; दोन महिन्यांच्या आत साठ. हे आकडे मी पाठ केलेले होते, एका गुणाच्या प्रश्नासाठी. छाती आत ओढली जातेय आणि बाळ अंगावर पीत नाही, म्हणजे इथे ठेवायचंच नाही. अँपिसिलिन आणि जेंटामायसिनचा पहिला डोस टोचला, जीप काढली.

बाई जायला तयार नव्हती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, तिच्याशिवाय तो अर्धा. एका दिवसाचा खाडा पडला तर मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीतून कापणार. सिस्टरनी मुकादमाला बोलावून घेतलं आणि त्याच्याशी काय बोलल्या ते मला ऐकू दिलं नाही. बाई गेली. पोर आठवड्याभराने परत आलं ते टोपडं ओढून काढत होतं.

त्यानंतर मी श्वास मोजायला शिकले. म्हणजे रोज चुकत शिकले. पोर रडत असेल तर आकडा खोटा. पीत असेल तर खोटा. चांगला सणकून ताप असेल तर तो उतरवून पुन्हा मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, हे मोठ्या माणसांना चालतं. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थांबल्यासारखा होतो, मध्येच चार भराभर घेतो, म्हणून पूर्ण साठ सेकंद. आईच्या मांडीवर असतानाच मोजायचं, हात न लावता, सदरा नुसता वर करून. आणि आईशी त्या मिनिटात बोलायचं नाही, कारण ती उत्तर द्यायला लागली की मांडी हलते. बाहेर पन्नास माणसांची रांग असताना एक मिनिट गप्प बसणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याने ओपीडी केली त्यालाच कळेल.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच गावातल्या माणसांच्या हाती दिलं होतं, हे मी केंद्रातल्या कपाटात सापडलेल्या जुन्या कागदांत वाचलं. ज्या दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया. गावातच गोळी सुरू. त्यातून न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आल्याचं १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. एक्स-रे नाही, रक्त नाही, स्टेथोस्कोपसुद्धा नाही. मला तो सगळा मजकूर वैयक्तिक टोमण्यासारखा लागला.

तेव्हा साध्या न्यूमोनियाला कोट्रायमोक्झॅझोलच्या छोट्या गोळ्या असायच्या. आता वजनाप्रमाणे अमॉक्सिसिलिन, दिवसातून दोनदा. २०२१ पासून न्यूमोकोकलची लसही सरकारी यादीत आली, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना. आमच्या वेळी ती फक्त खाजगीत होती आणि एका डोसची किंमत ऐकून लोक विषय बदलायचे.

पण त्या कोप्यांनी मला आणखीही दाखवलं. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी, पाचटाच्या बंद खोपटात. बाळंतिणीला बरं वाटतं, खरंच वाटतं. पण दहा दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसाला चूल आणि धुरी यांतला फरक कळत नाही. ओव्याची पुरचुंडी करून छातीला शेक दिला तर माझी ना नाही. कापूर मात्र मी उचलून बाहेर ठेवायला लावते, तो अंगात भिनून बाळाला झटके येऊ शकतात. आणि नाकात तेल. न्हाऊमाखू घालताना दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडायचे, ही पद्धत मी माझ्या स्वतःच्या आजीच्या हातून पाहिलेली. ते तेल छातीत उतरून बसलं की त्याचा जो न्यूमोनिया होतो, तो अँटिबायोटिकला दाद देत नाही. आजीला हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं, असंही नाही.

बॉण्ड संपला आणि मी त्याच तालुक्यात दवाखाना टाकला. इथे वेगळाच धडा होता.

केंद्रात लोक नाइलाजाने येतात. दवाखान्यात ते निवडून येतात, आणि दोन दिवसांत गुण आला नाही तर समोरच्या दवाखान्यात जातात. "हाताला गुण आहे" असं ज्याच्याविषयी म्हणतात, त्याचं चालतं. हा गुण बहुतेक वेळा सर्दीवर कमावलेला असतो, हे मला दोन वर्षांनी उमगलं. सर्दी-पडसं आपलं आपण बरं होतं. चौथ्या दिवशी माणूस तुमच्याकडे आला, तुम्ही काहीही दिलंत, सातव्या दिवशी बरं वाटलं, यश तुमचं. मी पहिल्या दिवशी अँटिबायोटिक दिलं नाही, तो चौथ्या दिवशी समोर गेला, तिथे सुई मारली, सातव्या दिवशी बरा झाला. यश समोरच्याचं. आणि हा हिशोब लोक चहाच्या टपरीवर मोठ्याने मांडतात.

त्यातून सर्दीमागून येणारा खोकला तर सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं तो आठवड्यात जावा. प्रत्यक्षात तो सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो, अगदी साधा, विषाणूचा असला तरी. बेडका हिरवा-पिवळा झाला म्हणून जंतू बॅक्टेरियाच, असंही नाही; तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. हे मी सुरुवातीला समजावून सांगायचे. पाचव्या मिनिटाला समोरचा म्हणायचा, "ते समदं खरं मॅडम, पण जरा हाय पावरचं द्या."

मग मी द्यायला लागले. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आधी फक्त हट्टी लोकांना, मग बाजारच्या दिवशी, मग शंका आली की. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हने हटलं नाही तर लेव्होफ्लॉक्सासिन. दिवसातून एक गोळी, सगळ्यांना सोयीची, आणि तिसऱ्या दिवशी फरक.

२०१८ च्या ऑक्टोबरात एक निवृत्त गुरुजी आले. साठीच्या आसपासचे, मधुमेह, गोळ्या चालू. खोकला कधीपासून विचारलं तर म्हणाले, "गणपती बसले त्या दिवसापासून." आमच्याकडे तारखा अशाच येतात: पोळ्याच्या आधीपासून, गौरीत भिजले तेव्हापासून. मी मान हलवली आणि केसपेपरवर नुसतं 'खोकला' लिहिलं. मोजलं असतं तर तीन आठवडे भरले असते. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे क्षयासाठी बेडका तपासा, हे सरकारी भिंतीवर रंगवलेलं वाक्य मी रोज येता-जाता वाचत होते.

पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह. नाही हटलं. सात दिवस लेव्हो. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे." दिवाळीच्या तोंडावर ते परत आले, संध्याकाळचा बारीक ताप घेऊन. एक्स-रेत उजव्या बाजूला खाली डाग. क्षयाचा डाग वर असतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मधुमेह्यांमध्ये तो खालीही दिसतो, हेही शिकलेले होते, पण ते त्या दिवशी डोक्यात वर आलं नाही. न्यूमोनिया अर्धवट बरा झालाय असं धरलं आणि लेव्हो दहा दिवस वाढवलं. पुन्हा बरे. खातरजमा म्हणून बेडका पाठवला, निगेटिव्ह आला, मी निश्चिंत.

नाताळच्या आसपास ते दवाखान्यात शिरले तेव्हा सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. चौसष्ट किलोंचे सत्तावन्न झाले होते. खोकला पुन्हा सुरू. मी जुना रिपोर्ट काढून प्रयोगशाळेत फोन लावला. तिथला तंत्रज्ञ चाचरत म्हणाला, "मॅडम, ती थुंकी होती. लाळच. तरी लावलं मी."

चूक त्याची नव्हती. मी गुरुजींच्या हातात डबी देऊन "यात थुंकून आणा" म्हटलं होतं, त्यांनी थुंकून आणलं. बेडका कसा आणायचा हे दोन मिनिटांत दाखवावं लागतं: सकाळी उठल्यावर, चूळ भरून, मोकळ्या हवेत उभं राहून, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, मग पोटातून खाकरायचं, आणि जे छातीतून येईल तेच डबीत. त्यात लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही चालतं. त्याने जंतू मरगळतात, ताप-खोकला उतरतो, बेडक्यातले जंतू इतके कमी होतात की दुर्बिणीखाली दिसत नाहीत, कारण दिसायला मिलिलिटरमागे हजारोंनी असावे लागतात. आजार मात्र जागेवरच. आणि एकट्या एका औषधाचा मारा झाला की जंतू त्याला सरावतात. बिघडलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी राखून ठेवायच्या औषधांपैकी हे एक. मी ते खोकल्यावर वाटत होते. २०१४ पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे, दुकानदाराला चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. पण चिठ्ठी माझीच होती.

लेव्हो बंद करून, नीट बेडका घेऊन जिल्ह्याला सीबीनॅटला पाठवला. हे यंत्र जंतू शोधत नाही, त्याचं जनुकीय द्रव्य शोधतं, त्यामुळे थोडक्यातही सापडतं, आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही दोनेक तासांत सांगतं. आता तालुक्यालाच ट्रूनॅट आलंय, गोव्यात बनणारं, बॅटरीवर चालणारं. तेव्हा नमुना बसने जायचा. जंतू सापडले, रिफाम्पिसिनला दाद देणारे होते. मी खुर्चीत टेकून बसले ते आठवतं.

गुरुजींना सांगणं हे त्याहून अवघड. मी सरळ सांगितलं, की माझ्या गोळीने तुमचा आजार दोनदा झाकला गेला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेपर न तपासताच तुम्ही मार्क दिलेत." एवढंच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढे सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन औषधं, त्यांच्या वजनाला रोज चार गोळ्या एकदम. लघवी नारिंगी झाली, त्याची त्यांना मी आधीच कल्पना दिली होती, तरी ते सकाळी सहाला फोन करून खात्री करून गेले. रिफाम्पिसिनमुळे त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा जोर उतरला, साखर चढली, काही महिने इन्सुलिन घ्यावं लागलं. महिन्याला पाचशे रुपये पोषणासाठी सरकारकडून खात्यावर यायचे (आता हजार झालेत), त्याची त्यांनी अंडी आणली आणि प्रत्येक अंड्याचा हिशोब वहीत ठेवला. गुरुजी ते गुरुजीच.

घरात चार वर्षांची नात होती, रात्री त्यांच्याच कुशीत झोपणारी. तिला आजार नाही याची खात्री करून घेतली आणि मग सहा महिने आयसोनियाझिड, वजनाप्रमाणे, प्रतिबंध म्हणून. ती रोज गोळी घेताना मला नावं ठेवायची, असं तिची आई सांगायची. तिचं बरोबरच होतं. गणपतीनंतर मी दिवस मोजले असते, तर आजोबांच्या कुशीतल्या त्या तीन महिन्यांच्या रात्री वाचल्या असत्या.

तेव्हापासून केसपेपरवर खोकला सुरू झाल्याची तारीख लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही. भिंतीवर कालनिर्णय टांगलंय ते त्यासाठीच. पोळा म्हटलं की मी उठून बोट ठेवते. खोकल्याला लेव्हो मी देत नाही, बेडका तपासून होईपर्यंत तर नाहीच. साध्या सर्दीवाल्याला मी आता समजावतही नाही फारसं. श्वास मोजते, छाती सगळीकडे ऐकते, आणि चिठ्ठीवर कधी परत यायचं ते लिहून देते: धाप लागली, ताप तीन दिवसांच्या वर गेला, बेडक्यात रक्त आलं तर त्याच दिवशी, नाहीतर खोकला पंधरा दिवस टिकला तर त्या तारखेला. वर्षाच्या वरच्या पोराला चमचाभर मध. वाफ लहान पोराला नको, उकळत्या पाण्याचं पातेलं उलटून भाजलेली पोरं मी खोकल्याने दगावलेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत. काही लोक अजूनही समोर जातात. जाऊ देत.

मोजण्यावर माझा इतका विश्वास बसला होता की २०२१ च्या एप्रिलने, कोविडच्या दुसऱ्या लाटेने, तोही हलवला. चाळिशीचा एक माणूस मोबाईलवर बोलत बोलत आत आला, धाप नाही, श्वास ठीक, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर चौऱ्याऐंशी. मी मशीनच बदललं. बोट गार असेल, म्हणून चोळलं. चौऱ्याऐंशीच. त्या महिन्यात आम्ही दवाखान्यामागच्या अंगणात लोकांना सहा मिनिटं चालवून बोट तपासत होतो. बसल्या जागी पंच्याण्णव असणारा फेऱ्या मारून आला की नव्वदच्या खाली.

म्हाताऱ्या माणसांचंही तसंच, ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आजारी पडत नाहीत. सत्तरीच्या एका आजींना ताप नव्हता, खोकला नावाला. सून म्हणाली, "कालपासून मला मेलेल्या नणंदेच्या नावानं हाक मारतायत." भूतबाधा म्हणून आधी दुसरीकडे फिरून आले होते. वय पासष्टच्या वर, श्वास मिनिटाला चौतीस, रक्तदाब नव्वदच्या खाली, आणि बडबड. न्यूमोनिया किती गंभीर हे ठरवताना यांतल्या एकेका गोष्टीला एक गुण द्यायचा असतो, चारपैकी चार भरले. छाती ऐकायच्या आधीच मी १०८ ला फोन लावला.

आणि एकदा अडीच वर्षांचा मुलगा, 'दमा' म्हणून तीन आठवडे औषध चाललेला. शिट्टी फक्त उजव्या बाजूला. दमा एकाच बाजूला होत नाही. आईला विचारलं, हा खोकला नक्की कशाने सुरू झाला? ती म्हणाली, "चिवडा खाताना ठसका लागला होता." दुर्बीण घालून अर्धा शेंगदाणा निघाला. त्या आईने तो कागदात बांधून मला दाखवायला आणला.

गुरुजी दर हिवाळ्यात एकदा येतात. या वर्षी आले ते दारातूनच म्हणाले, "पाच दिवस झाले. डबी आणू का?" मी श्वास मोजला, ते स्वतःच्या घड्याळाकडे बघत माझ्याबरोबर मोजत होते. सोळा. छाती स्वच्छ, वजन उलट वाढलेलं, साखर बरी. सर्दीच. मी काही दिलं नाही, म्हणाले, "मग तसं लिहून द्या." मी चिठ्ठीवर दहा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

त्या तारखेला ते आले नाहीत. संध्याकाळपर्यंत वाट पाहून मीच फोन केला. नातीने उचलला.

"आबा रानात गेलेत," म्हणाली. "खोकतात का, विचारायचंय ना? नाही खोकत. मी मोजलंय."